फिलाडेल्फिया, लिबर्टी बेल आणि ४ जुलै: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आई-बाबा, सासू-सासरे, मामेभाऊ उतरू लागतात. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, की तिसरा नंबर फिलाडेल्फियाचा. बरीच वर्षं या मंडळींना तिथे घेऊन जातोय. निघण्याआधी फोनवर आणि नंतर गाडीत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवले. साधे आधी, अडचणीचे नंतर.

१. तिथे नेमकं पाहायचं काय?

चेस्टनट स्ट्रीटवर, पाचव्या आणि सहाव्या रस्त्यांच्या मधे, विटांची मनोरा असलेली इमारत आहे. तो इंडिपेन्डन्स हॉल. पेनसिल्वेनिया वसाहतीचं विधिमंडळ भरायला म्हणून ती १७३२ साली बांधायला घेतली. तेव्हा तिला स्टेट हाउस म्हणत. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही तळमजल्यावरच्या एकाच खोलीत मंजूर झाली. १९७९ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे. रस्ता ओलांडला की समोर लिबर्टी बेल, म्हणजे ती तडा गेलेली घंटा.

बहुतेकांचा पहिला उद्गार असतो, "एवढंच?" शनिवारवाड्याचा दरवाजा पाहिलेल्या माणसाला ती इमारत लहानच वाटणार. शंभर डॉलरच्या नोटेच्या मागे हीच आहे, तिथे ती ऐसपैस दिसते.

२. तिकीट किती? आयत्या वेळी गेलं तर चालतं का?

घंटा बघायला तिकीटही नाही, पासही नाही. रांग मात्र असते. हॉलमध्ये प्रवेश फुकट आहे, पण ठरावीक वेळेचा पास लागतो. ऑनलाइन आरक्षणाला माणशी एक डॉलर पडतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारचे पास आधीच उडालेले असतात, तेव्हा गाडीत बसून फोनवर शोधू नका. नियम अधूनमधून बदलतात, जायच्या आठवड्यात नॅशनल पार्कच्या साइटवर एकदा बघून घ्या. दोन्हीकडे विमानतळासारखं चेकिंग असतं. मोठ्या बॅगा गाडीतच ठेवा.

३. बाबांचे गुडघे दुखतात. चालणं फार आहे का?

नाही. हॉल आणि घंटा अगदी समोरासमोर आहेत. पार्किंग मात्र महाग पडतं. मी हल्ली ट्रेंटनपर्यंत गाडीने जातो आणि तिथून सेप्टाची लोकल पकडतो. जेफरसन स्टेशनला उतरलं की रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. वाटेत रीडिंग टर्मिनल मार्केट लागतं, १८९३ पासूनचं. शाकाहारी मंडळींचीही तिथे सोय होते, तरी आमच्या डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या असतातच.

४. ४ जुलै १७७६ ला सगळ्यांनी सही केली, बरोबर?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर ऐकून लोक जरा खट्टू होतात.

ब्रिटनशी नातं तोडायचं, हे तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत (काँग्रेसमध्ये) ठरलं २ जुलैला. रिचर्ड हेन्री ली यांनी ७ जूनला मांडलेला ठराव त्या दिवशी मताला आला. मत माणशी नव्हतं, दर वसाहतीला एक. डेलावेअरचे हजर असलेले दोन प्रतिनिधी एकमेकांच्या विरोधात होते. तिसरे, सीझर रॉडनी, घरी होते. निरोप मिळताच ते रात्रभर विजा-पावसातून सुमारे ८० मैल घोड्यावर आले आणि चिखलाच्या बुटांनिशी सभेत शिरले. त्यांच्या मताने डेलावेअर इकडे झुकलं. बारा वसाहती बाजूने गेल्या, न्यूयॉर्क तटस्थ राहिलं. जॉन ॲडम्स यांनी दुसऱ्याच दिवशी बायकोला पत्र लिहून कळवलं की पुढच्या पिढ्या २ जुलै हा सण म्हणून साजरा करतील. अंदाज दोन दिवसांनी चुकला.

४ जुलैला मंजूर झाला तो मजकूर. त्या रात्री जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात त्याच्या सुमारे २०० प्रती निघाल्या. वर तारीख ४ जुलैची, आणि लोकांच्या हातात पडला तो हाच कागद, म्हणून तीच तारीख टिकली. ८ जुलैला हॉलमागच्या अंगणात तो पहिल्यांदा जाहीरपणे वाचला गेला. चर्मपत्रावरच्या सुवाच्य प्रतीवर बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला, काहींच्या त्याहूनही नंतर. एकूण सह्या ५६.

मसुदा लिहिणारे टॉमस जेफरसन यांना नोंदी ठेवायची खोडच होती. ४ जुलैला दुपारी एक वाजता फिलाडेल्फियात ७६ अंश फॅरनहाइट होतं, असं त्यांनी टिपून ठेवलंय. म्हणजे जेमतेम २४ सेल्सिअस. आपण जुलैत घामाने निथळत त्या रांगेत उभे असतो तेव्हा हे आठवून जरा हेवा वाटतो.

५. दोन डॉलरच्या नोटेमागे सहीचं चित्र आहे ना?

सहीचं नाही. मसुदा समितीचे पाच जण आपला कागद अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतायत, असा तो प्रसंग आहे. जॉन ट्रम्बुल यांच्या चित्रावरून तो घेतला आहे; मूळ मोठं चित्र वॉशिंग्टनला कॅपिटलमध्ये लावलेलं आहे. गंमत अशी की त्या पाचांपैकी रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी जाहीरनाम्यावर कधी सहीच केली नाही. उलट ज्यांच्या सह्या आहेत त्यांतले काही जण २ जुलैच्या मतदानाला हजर नव्हते.

६. मूळ जाहीरनामा हॉलमध्ये बघायला मिळतो का?

नाही. सह्यांचं चर्मपत्र वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे, आणि अक्षरं इतकी फिकी झालीत की नाव शोधायला डोळे ताणावे लागतात. फिलाडेल्फियात हॉलच्या पश्चिमेकडच्या दालनात त्या रात्री छापलेल्या प्रतींपैकी एक ठेवलेली असते. जगभरात अशा २६ प्रती माहीत आहेत. तिच्याजवळच चांदीची दौत आहे, फिलिप सिंग यांनी १७५२ साली घडवलेली. सह्या करताना शाई याच दौतीतली होती असं मानतात. लोक घंटेकडे धावतात आणि हे दालन चुकवतात. चुकवू नका.

७. सभेच्या खोलीतल्या खुर्च्या-टेबलं त्या वेळचीच आहेत का?

त्या काळातली आहेत, त्या खोलीतली नाहीत. १७७७-७८ च्या हिवाळ्यात शहर ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. इमारतीत त्यांनी जखमी अमेरिकन कैदी ठेवले होते, मूळ सामान राहिलं नाही. अपवाद एकच: समोरच्या चौथऱ्यावरची उंच पाठीची खुर्ची. पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. घटना समितीचे अध्यक्ष म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन १७८७ चा अख्खा उन्हाळा हिच्यावर बसले. हा सूर्य उगवतोय की मावळतोय, असा प्रश्न बेंजामिन फ्रँकलिन यांना चार महिने पडला होता. सह्या होत असताना ते म्हणाले की आता कळलं, उगवतोय.

मात्र "१७७६ मध्ये या खुर्चीवर कोण बसलं होतं?" असं गाइडला विचारू नका. ती घडवली १७७९ मध्ये.

८. जाहीरनामा आणि राज्यघटना यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

जाहीरनामा म्हणजे वेगळं होत असल्याची नोटीस, राज्यघटना म्हणजे नव्या घराचे नियम. मधे ११ वर्षं गेली आणि एक युद्ध झालं. राज्यघटनेवर १७ सप्टेंबर १७८७ ला ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच पाठवला नव्हता. दोन्ही कागदांवर फ्रँकलिन यांची सही आहे, जेफरसन यांची राज्यघटनेवर नाही. ते तेव्हा पॅरिसमध्ये वकिलात सांभाळत होते.

९. फिलाडेल्फिया राजधानी होती तर मग हलवली का?

१७९० ते १८०० अशी दहा वर्षं ती राजधानी होती, तीही तात्पुरती म्हणूनच. कायमची राजधानी पोटोमॅक नदीकाठी नवी बांधायची, हे १७९० च्या सौद्यातच ठरलं होतं: राज्यांची युद्धाची कर्जं केंद्राने उचलायची, बदल्यात राजधानी दक्षिणेच्या जवळ न्यायची. शहराबद्दल मनात अढीही होती. १७८३ च्या जूनमध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी हॉलला वेढा घातला, तेव्हा काँग्रेसला प्रिन्स्टनला पळावं लागलं होतं. हॉलच्या डाव्या-उजव्या हाताच्या इमारतींत त्या दहा वर्षांत एकीकडे संसद आणि दुसरीकडे सर्वोच्च न्यायालय भरायचं. ॲडम्स यांचा शपथविधी १७९७ साली यातल्या संसदेच्या इमारतीत झाला.

१०. घंटेला तडा कसा गेला?

एकदा नाही, अनेकदा. लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेला १७५१ मध्ये ऑर्डर दिली. घंटा १७५२ ला आली आणि वाजवून बघताना पहिल्याच ठोक्यांत तडकली. मग जॉन पास आणि जॉन स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. भंगू नये म्हणून तांबं वाढवलं, तर आवाज बसला. पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. आज दिसते ती १७५३ ची. वजन २,०८० पौंड, म्हणजे साधारण ९४० किलो.

आता जवळ जाऊन नीट बघा. फोटोत दिसते ती बोटभर रुंद फट म्हणजे तडा नाहीच, ती दुरुस्ती आहे. बारीक चीर गेली होती. वाजताना तिच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून १८४६ मध्ये कारागिरांनी ती मुद्दाम कानशीने रुंद केली. त्याच फेब्रुवारीत वॉशिंग्टन यांच्या जयंतीला घंटा वाजवली आणि नवी चीर वर सरकत गेली. ती केसासारखी रेघ उजेड नीट पडला तर दिसते, आणि ती बरोबर "लिबर्टी" या अक्षरांमधून जाते. घंटा कायमची मुकी झाली ती या दुसऱ्या चिरेमुळे. माझ्या अनुभवात दहातले नऊ जण सेल्फी काढून निघतात, रेघ बघतच नाहीत.

आणखी एक: घंटेवर "पेनसिल्वेनिया"च्या स्पेलिंगमध्ये एक एन कमी आहे. चूक नाही, त्या काळी तसंही लिहीत.

११. ४ जुलैला हीच घंटा वाजली होती ना?

४ जुलैला जाहीर असं काही वाजवण्यासारखं घडलंच नव्हतं (प्रश्न ४ पाहा). म्हातारा घंटावाला मनोऱ्यात थांबलाय, खालून एक मुलगा ओरडतो "वाजवा!", ही गोष्ट जॉर्ज लिपार्ड या लेखकाने १८४७ मध्ये रचली आणि ती शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसली. ८ जुलैच्या वाचनाला शहरातल्या घंटा वाजल्या. त्यांत ही होती का? खात्रीने सांगता येत नाही, हिचा मनोरा तेव्हा खिळखिळा झाला होता.

तेव्हा तिला लिबर्टी बेल कोणी म्हणतही नव्हतं. ती स्टेट हाउसची घंटा होती. तिच्यावर बायबलच्या लेवीय पुस्तकातलं वचन आहे, की सगळ्या देशात, सगळ्या रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांनी "सगळ्या" या शब्दावर बोट ठेवलं आणि हे नाव दिलं. म्हणजे नाव आलं ते ब्रिटिशांच्या विरोधातून नव्हे, अमेरिकेतल्याच गुलामगिरीच्या विरोधातून.

१२. घंटा लपवून ठेवली होती हे खरं का?

हे खरं. १७७७ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश फौज शहराजवळ आली तेव्हा ती गाड्यावर घालून ॲलनटाउनला नेली आणि एका चर्चमध्ये दडवली. शत्रूच्या हाती घंटा लागली की ती वितळवून तोफा ओतल्या जातील, ही भीती होती. आपल्याकडे वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांच्या फौजेने चर्चच्या घंटा आणल्या त्या मात्र वितळवल्या नाहीत, देवळांत टांगल्या. भीमाशंकरला जाऊन आलेल्यांनी पाहिलीच असेल.

१३. आता वाजवतात का? हात लावता येतो?

हात लावता येत नाही. दर ४ जुलैला तेरा वसाहतींसाठी तेरा वेळा तिच्यावर नुसती हलकी टकटक करतात.

१४. घंटेच्या दारातच जुन्या घराचा पाया दिसतो, तो कोणाचा?

अध्यक्षांच्या घराचा. व्हाइट हाउसच्या आधी वॉशिंग्टन १७९० ते १७९७ इथे राहत. घर केव्हाच पाडलं गेलं. पुढे उत्खननात पाया सापडला, तो काचेखाली दिसतो. या घरात त्यांनी आळीपाळीने नऊ गुलाम ठेवले होते.

आळीपाळीने का, हे समजून घ्या. पेनसिल्वेनियाने १७८० मध्ये केलेल्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग इथे राहिला तर तो सुटका मागू शकत असे. म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ओना जज ही मार्था वॉशिंग्टन यांची दासी. आपल्याला नातीच्या लग्नात आहेर म्हणून देणार आहेत, हे तिला कळलं. १७९६ च्या मे महिन्यात घरातले जेवायला बसले असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टन यांनी माणसं पाठवली, पण ती परत आली नाही. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळून गेलेली गुलामच होती.

लिबर्टी बेलच्या रांगेत आपण उभे असतो ते या घराला लागून. मी पाहुण्यांना आधी इथे थांबवतो, मग आत नेतो. जेफरसन यांच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा ठपका राजावर ठेवणारा एक उतारा होता, तो सभेने काढून टाकला. आणि स्वतः जेफरसनही गुलाम बाळगून होते.

१५. जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" अमेरिकनांना अर्पण केली, ती यासाठीच का?

ती नंतरच्या अमेरिकेसाठी. यादवी युद्धानंतर १८६५ च्या डिसेंबरमध्ये तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामी संपली. फुल्यांचं पुस्तक १८७३ चं. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या तिथल्या सज्जन लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा लिहिली. अर्पण झालं ते वॉशिंग्टन-जेफरसन यांना नव्हे, प्रश्न ११ मधल्या मंडळींच्या परंपरेला.

१६. तेव्हा आपल्याकडे पेशवाई होती ना? काही संबंध?

संबंध आहे, आणि तो एकाच कंपनीतून जातो. बॉस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला ३४२ पेट्या चहा फेकला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा (आसामचा नव्हे, चीनचा). त्याच महिन्यात फिलाडेल्फियाकरांनी चहाचं जहाज माल न उतरवताच परत पाठवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात नारायणरावांचा खून झाला होता. राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला; पुढच्याच महिन्यात अमेरिकेत लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. पुरंदरचा तह १ मार्च १७७६ चा, जाहीरनाम्याच्या चार महिने आधीचा. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील नाना फडणवीसांकडे आला तेव्हा इंग्रजांची झोप उडाली ती उगाच नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उघड उतरला, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना मराठ्यांपुढे हात टेकावे लागले.

आणि तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला त्याने फौजेसह शरणागती पत्करली, आजारपणाचं निमित्त करून स्वतः समोर आला नाही. पाच वर्षांनी तोच गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेशेजारी.

१७. बेट्सी रॉस यांच्या घरी पहिला झेंडा शिवला म्हणतात. जावं का?

वेळ उरला तर. बाई खऱ्या, झेंडे शिवायच्या हेही खरं. १७७७ मध्ये पेनसिल्वेनियाच्या नौदलासाठी शिवल्याची नोंद आहे. पण पहिला राष्ट्रध्वज त्यांनी वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून शिवला, ही हकीकत नातवाने १८७० मध्ये सांगितली, त्याआधी कुठेच नाही. झेंड्याच्या नमुन्याचे पैसे मागणारे फ्रान्सिस हॉपकिन्सन यांचा दावा कागदावर तरी आहे.

१८. फ्रँकलिन यांच्या कबरीवर लोक नाणी का टाकतात?

काटकसरीची शिकवण देणाऱ्या माणसाला आदरांजली म्हणून सेंट वाहतात. पडणाऱ्या नाण्यांच्या माऱ्याने दगड झिजला आणि त्याची दुरुस्ती करावी लागली. पाचव्या रस्त्याच्या आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, कुंपणाच्या गजांमधून बाहेरूनच दिसते.

१९. त्याच दिवशी व्हॅली फोर्ज आणि गेटिसबर्ग होईल का?

व्हॅली फोर्ज होईल, २० मैलांवर आहे. तिथे लढाई झाली नाही. १७७७-७८ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या सुमारे १२,००० सैनिकांनी लाकडी झोपड्यांत तळ ठोकला आणि त्यातले दोनेक हजार रोगराईने गेले. शेजारीच किंग ऑफ प्रशियाचा मॉल असल्याने मंडळी यायला लगेच तयार होतात.

गेटिसबर्गला वेगळा दिवस ठेवा. ते वेगळं युद्ध, १८६३ चं. मैदान अफाट आहे आणि जाऊन-येऊनच पाच तास मोडतात.

२०. आनंदीबाई जोशींचं कॉलेज फिलाडेल्फियातच ना? ते दिसेल का?

फिलाडेल्फियातच. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्वेनिया, स्थापना १८५०. आनंदीबाई १८८३ मध्ये अठराव्या वर्षी तिथे दाखल झाल्या, ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. पण त्या काळचं कॉलेज म्हणून उभं राहून बघावं असं काही तिथे नाही; संस्था पुढे शहराच्या दुसऱ्या भागात गेली. तिची जुनी कागदपत्रं आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली असा तिघींचा तो प्रसिद्ध फोटोही त्यातलाच.

ज्यांना खरंच काही पाहायचंय त्यांना मी उलट्या दिशेला पाठवतो. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात वारल्या. ज्यांच्या आधाराने त्या अमेरिकेला आल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे त्यांच्या अस्थी पाठवण्यात आल्या. कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यात हडसनकाठच्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाचा दगड आहे. दफनभूमी मोठी आहे, आधी ऑफिसात विचारा. आणि नाव सांगताना स्पेलिंग आपल्या सवयीचं देऊ नका. तिथे "जोशी"च्या शेवटी आय नाही, दोन ई आहेत.